वरवंट्याचं बारसं

मुलांनो, एक पाळणा डोळ्यांपुढे आणा. सागवानी, चारी कोपऱ्यांना कापडी चिमण्या टांगलेला, साखळ्यांनी तुळईला अडकवलेला. आणला? आता त्याच्याभोवती आळीतल्या साऱ्या बायका दाटीवाटीनं उभ्या करा. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात खणाची घडी, कुणाच्या तोंडात पान. उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा वास घरभर सुटलाय. बाहेर ओट्यावर पुरुष बसलेत. आत काय चाललंय याच्याशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून कान मात्र आत लावून आहेत.

आता या गर्दीत दहा वर्षांची एक मुलगी शोधा. परकर-पोलकं नवं, वेण्या घट्ट, आणि ओठ असे मिटलेले की उघडायला चिमटाच लागेल. सापडली? ती अंजना. तिला सगळे अंजी म्हणतात. तिच्या तोंडात या क्षणी एक वाक्य आहे आणि ते बाहेर पडू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करतेय.

ते वाक्य कुठलं, आणि ती ते का दाबून धरतेय, हे कळायला थोडं मागं जाऊ.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालातली, वडूजजवळच्या एका गावातली. अंजीचा थोरला भाऊ सयाजी मिल्ट्रीत होता. दिवाळीनंतर त्याची रजा संपली, तेव्हा अंजी त्याला पोचवायला वडूजच्या एस.टी. स्टँडवर गेली होती. ट्रंकेवर बसून दोघं शेंगदाणे खात होती. सयाजी म्हणाला,

"अंजे, माघात तुज्या वहिनीला बाळ हुणार. या खेपेला नाव तू ठेवायचंस."

"मी? नाव तर लीलाक्का ठेवती."

"माज्या थोरल्या दोघी पोरींच्या टायमाला तू शेंबडी हुतीस, म्हणून लीलाक्कानं ठेवलं. ती चुलत आत्या. आता सख्खी आत्या हितं शेंगा खात बसल्यावर चुलत कशाला बोलवायची?"

अंजीनं शेंगदाणा गिळला. "कुठलं ठेवू?"

"ते मला कशाला इचारतीस? आत्या तू का मी?"

एवढ्यात गाडी लागली. सयाजीनं ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "पोरगं हू दे न्हाईतर पोरगी! नाव मातुर झ्याक ठेव!"

तुम्हाला ठाऊक असेलच, आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" करते आणि नाव सांगते. आणि ती वाकली रे वाकली, की भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. मान घ्यायचा तर मारही खायचा. अंजी तर त्या धपाट्यांचीसुद्धा वाट बघत होती.

माघात वहिनीला मुलगी झाली. तिसरी मुलगी. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "लक्ष्मी आली." आबा, म्हणजे अंजीचे वडील, बैलाला पाणी पाजायला उठून गेले. बैल नुकताच पाणी प्याला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी सांगलीहून लीलाक्का आली. तिच्या नवऱ्याची सांगलीत हळदीची अडत होती, त्यामुळे लीलाक्का आली की तिच्याआधी हळदीचा वास आणि तिच्यामागून सांगलीच्या गोष्टी घरात शिरत. डोळ्याला सोनेरी काड्यांचा चष्मा. मागे डोक्यावर बोचकं घेऊन तिची मुलगी. ही मुलगी नात्यानं अंजीची भाची, पण वयानं मावशीपेक्षा वर्षानं थोरली. अंजीला बघून ती म्हणाली, "काय मावशी!" आणि दोघी फिस्सकन हसल्या.

त्या मुलीचं नाव होतं नकुसा.

नकुसा म्हणजे नकोशी. तेव्हा आपल्या भागात अशी समजूत होती, की मुलीमागून मुली झाल्या तर शेवटचीचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो की बाबा, आता मुली पुरे, आणि मग तो मुलगा देतो. देवाला निरोप पोचतो की नाही कोण जाणे. त्या मुलीला मात्र तो रोज पोचतो, हाकेसरशी.

चहाची बशी तोंडाला लावत लीलाक्कानं जाहीर केलं, "काकी, मी काय म्हणते, ह्या तिसरीला नकुसा ठिवायचं. माज्याकडं बघा की. तिसरीला नकुसा ठिवलं आन वरसात बबन झाला. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आईनं नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कळायच्या आत अंजी मध्ये आली.

"दादानं मला सांगितलंय नाव ठिवायला."

लीलाक्का हसली. "आगं, तुज्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात, पोरी."

"मग उद्या बी घुगऱ्याच खा. नाव मी ठिवणार."

आईनं अंजीच्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं मान खाली घातली नाही. ती तशीच ओट्यावर आबांकडे गेली. आबा दोर वळत होते.

"आबा, दादा काय म्हणाला तुमाला ठावं हाय ना?"

"व्हय."

"मग सांगा की लीलाक्काला."

आबांनी दोराला आणखी एक पीळ घातला. "बायकांच्यातलं बायका बघतील, बाय. मी मदी पडलो तर मलाच वळतील ह्या दोरावानी."

मग ती आतल्या खोलीत वहिनीकडे गेली. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. बाळानं अंजीचं बोट मुठीत धरलं आणि सोडायलाच तयार होईना.

"वहिनी, हिला नकुसा म्हणलेलं तुमाला चालंल?"

वहिनीनं बाळाच्या मुठीवरून बोट फिरवलं. "मला कोन इचारतंय?"

"मी इचारते की."

वहिनीनं नाक ओढलं, आणि अंजीला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बनुबाई आल्या. वयानं सगळ्यांत थोरल्या. बारसं असो, डोहाळजेवण असो, त्यांच्याशिवाय पान हलत नसे. कुठल्या कार्याला काय आधी आणि काय नंतर, यात त्या ब्रह्मदेवाचंही ऐकायच्या नाहीत. आल्या आल्या त्यांनी दोघी मुलींना कामाला लावलं. "वरवंटा घासून आना. मसाल्याचा वास ऱ्हायला न्हाई पायजे."

पाट्यावर चटणी वाटायचा तो लांबट दगड म्हणजे वरवंटा. बारशाला त्याचं काय काम? तर बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायचा. त्याला न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, कुंची घालायची, आणि बाळासारखंच एकीनं पाळण्याखालून दुसरीकडे द्यायचं, दुसरीनं वरून परत. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत. बाळ दगडासारखं टणक व्हावं, आणि दृष्ट लागायची असेल तर ती दगडाला लागून जावी. मग वरवंटा काढायचा, बाळ घालायचं, आणि मग नाव.

मोरीतल्या धोंड्यावर बसून दोघी नारळाच्या शेंडीनं वरवंटा घासत होत्या. अंजीनं विचारलं, "नकुसा, तुला कसं वाटतंय गं, ह्या नावानं?"

नकुसा घासत राहिली. "साळंत मास्तर हजरी घेत्यात. माजं नाव आलं की मी म्हणते, 'हजर.' की मागनं कोन तरी म्हणतंय, 'नको म्हणलं तरी हजर!' रोज. मास्तर बी हसत्यात."

"मग तू काय करतीस?"

"मी बी हसते. न्हाई हसलं तर आनीक हसत्यात."

अंजीनं वरवंट्यावर पाणी असं आपटलं की दोघी भिजल्या.

दुपारी बायका जमल्या. लीलाक्कानं बोचक्यातून दोन कुंच्या काढल्या, लाल मखमलीच्या, जरीचे काठ, दोन्ही अगदी सारख्या. "एक बाळाला, एक वरवंट्याला. सांगलीत आता असंच करत्यात."

"दगडाला मखमल?" बनुबाईंनी तोंडाचं बोळकं उघडलं. "आमी जुन्या फडक्यात गुंडाळत आलोय."

"आवं आज्जी, फोटू निघायचाय!"

हो, फोटो! लीलाक्कानं वडूजहून भाऊसो फोटोग्राफरला बोलावलं होतं. बारशाचा फोटो काढून सयाजीला पाठवायचा, असा तिचा बेत. भाऊसोनं सोप्यात तिकाटणं उभं केलं, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि आतून आवाज आला, "अक्का, चष्मा काढा. काचंवर उजेड मारतोय. फोटूत डोळं येणार न्हाईत."

लीलाक्कानं चष्मा काढून चोळीत खोचला. चष्मा काढल्यावर तिला हातभर अंतरावरची म्हैससुद्धा ढगासारखी दिसायची. पण फोटोत डोळे यायचे म्हणजे यायचे.

वरवंट्याची फेरी सुरू झाली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मखमलीच्या कुंचीतला वरवंटा खालून गेला, वरून आला, आणि बनुबाईंनी तो पाळण्यात निजवून त्याच्या अंगावर दुपटं घातलं. मग बाळाची फेरी. बाळ दोन-तीन हातांतून फिरून नकुसाच्या हातात आलं असेल नसेल, त्यानं टाहो फोडला. भूक लागली होती बिचारीला. वहिनीनं आतल्या दारातूनच गर्दीत हात घातला, बाळाला पदराखाली घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं.

बनुबाई त्याच वेळी घुगऱ्यांच्या परातीकडे वळल्या होत्या, कारण कुणाच्या तरी पोरानं तीत हात घातला होता. आई हळदीकुंकवाचं तबक शोधत होती. लीलाक्का भाऊसोला विचारत होती की तोंड इकडे करू की तिकडे. थोडक्यात काय, बाळ आत गेलं हे फक्त दोघींनी पाहिलं, अंजीनं आणि नकुसानं.

"बरं का भाऊसो, आटपा आता," लीलाक्का म्हणाली. "साडेचारची विट्याची गाडी गाठायचीया मला." आणि ती पाळण्याकडे सरकली.

अंजी पुढं झाली. "लीलाक्का, आगं—"

"गप!"

"आगं पन पाळण्यात—"

"काकी, हिला धरा बरं! कालपास्नं नुसतं मी ठिवणार, मी ठिवणार!"

आईनं अंजीचा दंड धरून तिला मागं ओढलं. "एक सबुद बोललीस तर बघ. आज तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई."

मुलांनो, अंजी खरोखर सांगायलाच निघाली होती. पण अक्षर काढायचं नाही, असं आईनं सांगितल्यावर तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. तिनं पाळण्याकडे बघितलं. लीलाक्काकडे बघितलं. मग नकुसाकडे बघितलं. नकुसाचे डोळे आधीच तिच्यावर होते.

अंजीनं ओठ मिटले. घट्ट. पलीकडे नकुसानंही मिटले. आपण सुरुवातीला बघितली ती अंजी हीच. तोंडातलं वाक्य होतं, 'आगं, पाळण्यात वरवंटा हाय!'

"बाळाला हलू देऊ नका हां," काळ्या फडक्यातून भाऊसो म्हणाला. "हललं की फोटू बिघडतो."

"न्हाई हलत," लीलाक्का पाळण्यावर वाकत म्हणाली. "लय गुणाची हाय."

"खरंच की बाई," गर्दीतली एक म्हणाली. "एवढा गलका चाललाय, पन हूं न्हाई की चूं न्हाई."

दुसरीनं पाळण्याला झोका द्यायला हात लावला. "आन काय वजन हाय गं पोरीला! पाळणा करकर करतोय."

"मिल्ट्रीवाल्याची पोर!" तिसरी म्हणाली. "असायचीच दांडगी."

अंजीच्या पोटात हसू असं उसळ्या मारत होतं की तिनं वेणीचं टोक दातांत धरलं.

लीलाक्कानं कुंची जरा बाजूला सारली, तोंड आत घातलं आणि दणदणीत आवाज काढला, "कुर्रर्र!"

बायकांचे हात सुटले. धप, धप, धपाधप! लीलाक्काची पाठ म्हणजे हळदीचं पोतं. कुणी हात राखला नाही. "आवं हळू! हळू गं, भवान्यांनो!" म्हणत म्हणत तिनं नाव सांगितलं, आणि भक्कन उजेड पडला. भाऊसोनं फोटो काढला.

"नाव काय ठिवलं, नाव काय?"

लीलाक्का सरळ झाली. "नकुसा!"

आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून बाळ रडलं. मोकळ्या गळ्यानं, पोटभर दूध प्यालेल्या पोरीच्या जोरानं.

सोप्यात सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या. कुणाचा धपाटा हवेतच राहिला. लीलाक्कानं पाळण्याकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं, आणि कुंचीत हात घातला.

"अगं बया! पोर गार पडलं!"

बनुबाई परात टाकून धावल्या. त्यांनी एका झटक्यात मखमल उघडली. आत आपला वरवंटा, कपाळाला कुंकू लावून, शांत.

आधी एकीच्या नाकातून आवाज आला. मग दुसरीच्या. मग जे हसू फुटलं ते ओट्यावरच्या पुरुषांनाही आवरलं नाही. एक म्हातारी तर खांबाला धरून खाली बसली. "दगडाचं बारसं केलं गं सांगलीकरणीनं! दगडाचं!"

"दगडाला मखमल, दगडाला नाव, आन दगडाचा फोटू!"

काळ्या फडक्यातून भाऊसोनं डोकं काढलं. "अक्का, फोटू धुवायचा का?"

"खबरदार!" लीलाक्का ओरडली.

"धुवा!" अंजी ओरडली. तिचं तोंड आता उघडलं होतं.

लीलाक्कानं चोळीतून चष्मा काढून नाकावर बसवला. चेहरा कुंकवाइतका लाल झाला होता. "बरं, हसून झालं? आना त्या पोरीला हिकडं. परत सांगते नाव."

अंजी चटकन पाळण्याच्या आणि लीलाक्काच्या मध्ये जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"परत न्हाई. नाव एकदाच ठिवत्यात."

"सर बाजूला!"

"बनुआज्जी, तुमीच सांगा. एकदा कुर्र करून कानात सांगितल्यालं नाव कवा माघारी घेतल्यालं बघितलंय?"

आता बनुबाईंची पंचाईत झाली. नियम म्हणजे त्यांचा जीव. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "तसं न्हाई बघितलं बाई. कानात गेलं ते गेलं."

"आवं आज्जी, दगडाला कान असत्यात व्हय?" लीलाक्का चवताळली.

"मग तू सांगितलंस कुणाच्या कानात?" अंजी म्हणाली.

पुन्हा हसू फुटलं. पण अंजी हसत नव्हती. तिनं वरवंट्याकडे बोट केलं. "तुमाला नकुसा पायजे हुती ना? ही घ्या. नकुसा ठिवून झाली. देवाला निरोप पोचला. आता वहिनीची पोरगी मोकळी."

"बरोबर बोलतीया पोर," कुणीतरी मागून म्हणालं.

लीलाक्कानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "आगं, तुमच्याच भल्याचं सांगते. माज्या घरात बघा! नकुसा ठिवली आन बबन झाला का न्हाई? इचारा हिलाच!" आणि तिनं आपल्या मुलीला दंडाला धरून पुढं ओढलं.

नकुसा नेहमी अशा वेळी जमिनीकडे बघायची. आज तिनं वर बघितलं. आवाज बारीक होता, पण सोप्यात इतकी शांतता होती की तो ओट्यापर्यंत गेला.

"बबन झाला, आई. त्याला पेढं वाटलं. पन माजं नाव कुणी मागारी घेतलं न्हाई. देवाला निरोप पोचल्यावर तरी घ्यायचं हुतं."

कुणीच हसलं नाही. लीलाक्कानं धरलेला दंड सोडला. तिनं उगाच पदर सारखा केला.

अंजीच्या आईला भांडण नको होतं. लांबून आलेली पुतणी, तिचा मान राहायला हवा. आणि आपली पोरही आता मागं हटायची नाही, हे तिला दिसत होतं. तिनं मधली वाट काढली. "अंजे, हे बघ. कानात तू सांग. मान तुजा. धपाटं बी तुलाच. पन नाव लीलाक्कानं काढलंय तेच सांग. झालं का समाधान?"

सगळ्या बायकांना हे पटलं. "घे की गं, मान तुला मिळतोय!" म्हणत त्या अंजीला पुढं ढकलू लागल्या.

काल सकाळी कुणी अंजीला सांगितलं असतं की तूच पाळण्यात वाकणार आहेस, तर ती अंगणभर नाचली असती. आता तिनं आईकडे बघितलं आणि मान हलवली. ती मान नाही म्हणूनच हलली. त्यात कुणालाही शंका उरली नाही.

"मान नको मला मग. मी नकुसा म्हणणार न्हाई. आन दुसऱ्या कुणाला म्हणू बी देणार न्हाई. मारायचं तर मारा."

आईचा हात वर गेला. पण त्याच वेळी आतल्या दारात बांगड्या वाजल्या. वहिनी बाळाला घेऊन उभी होती. डोक्यावरून पदर, नजर खाली, नेहमीसारखीच. बारा दिवसांत ती सोप्यात पहिल्यांदा आली होती. बायकांनी तिला वाट दिली. सगळ्यांना वाटलं ती बाळाला पाळण्यात घालील, नाहीतर सासूच्या हातात देईल. ती सरळ अंजीसमोर आली आणि तिनं बाळ अंजीच्या हातांत दिलं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "मान सांभाळून धरा तिची. आन ठिवा नाव."

वन्सं! नवऱ्याच्या बहिणीला म्हणायचा हा मानाचा शब्द. आजवर वहिनी तिला 'अंजे, पाणी आण,' 'अंजे, वेणी घालून घे,' असंच म्हणत आलेली. अंजीच्या कानशिलापर्यंत ऊन ऊन झालं. आईचा हात आपोआप खाली आला. बनुबाईंनी पाळण्यातला वरवंटा उचलून बाजूला ठेवला आणि दुपटं झटकलं.

"चला," त्या म्हणाल्या, "वरवंट्यानंतर बाळ. समदं रीतीपरमानं हाय."

अंजीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. ती वाकली. पाळणा उंच होता, म्हणून नकुसानं पायाखाली पाट सरकवला. अंजीनं बाळाच्या इवल्या कानाशी ओठ नेले. "कुर्रर्र!" बाळ दचकलं, डोळे विस्फारून बघायला लागलं. पाठीत धपाटे पडले, कुणाचे हळू, कुणाचे जोरात. आणि एक तर असा सणसणीत की अंजीचा श्वास अडकला. तो लीलाक्काचा होता.

"नाव काय ठिवलं, आत्याबाई?"

अंजी पाठ चोळत सरळ झाली. "हौसा! आमाला हौसेनं पायजे असल्याली, म्हणून हौसा!"

ओट्यावरून आबांचा आवाज आला, "झ्याक हाय गं!" ते पहिल्यांदाच मध्ये पडले होते, आणि त्यांना कुणी वळलं नाही. वहिनीनं पदर तोंडाला लावला. थोरल्या दोघी पोरी पाळण्याला लोंबकळून "हौसा, हौसा" करू लागल्या. भाऊसोनं न विचारताच दुसरा फोटो काढला. बनुबाईंनी घुगऱ्यांची परात पुढं ओढली आणि बायका ओटी घेऊन, घुगऱ्या बांधून निघायच्या बेतात आल्या. लीलाक्का बोचकं आवरू लागली, मुकाट्यानं, एकच कुंची तीनदा घडी घालत.

बारसं संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण अंजी पाटावरून उतरली नव्हती. तिनं नकुसाला हाताला धरून जवळ ओढलं.

"तुला कुठलं नाव पायजे गं?"

नकुसा गोंधळली. "मला?"

"व्हय, तुलाच. सांग बिगी बिगी."

नकुसानं आईकडे बघितलं. लीलाक्काचे हात कुंचीवर थांबले होते. मग नकुसा टाचा उंचावून अंजीच्या कानाशी लागली. नाव सुचायला तिला जरासुद्धा वेळ लागला नाही. कित्येक दिवसांपासून ते तिनं जपून ठेवलं असावं.

"आगं ए, काय चाललंय?" बनुबाई म्हणाल्या. "तिची तू आत्या न्हाईस."

"मावशी हाय," अंजी म्हणाली.

"मावशी नाव ठिवत न्हाई!"

"आजपास्नं ठिवती."

आणि अंजीनं नकुसाच्या खांद्यावर हात टाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज काढला, "कुर्रर्र!" बायकांचे हात सवयीनं वर गेले आणि तिच्या पाठीत बसले. त्याकडे तिनं लक्षच दिलं नाही. तिनं पाटावरून उडी मारली, गर्दीतून वाट काढत ओटा ओलांडला, अंगण ओलांडलं, गल्लीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली, तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि छातीतला सगळा वारा लावून हाक मारली,

"शालन! ए शालन! भाईर ये, खेळायला!"